चोवीस नंबरच्या घरातलं प्यादं

कार्ड आलं होतं, पण त्यावर चाल नव्हती.

इल्मार जिन्याच्या तळाशी उभा राहून ते वाचत होता. एक हात पत्रपेटीच्या दारावर तसाच राहिला होता. बाहेर मार्च वितळत होता. छपराच्या कडेनं थेंब पडत होते, एकामागून एक, कुणालाच कसली घाई नसल्यासारखे, आणि त्याच्या बुटांखाली काळं पाणी जमत होतं. बियाणं तपासणी केंद्रातला गरम पाण्याचा नळ फुटला म्हणून आज सगळ्यांना दुपारीच सोडलं होतं, नाहीतर या वेळी तो टीपकागदावर ठेवलेले राय धान्याचे शंभर दाणे मोजत असता, कितींना कोंब आले, कितींना नाही. कार्डावर आइसलंडचं तिकीट होतं, त्यावर चोच वर केलेला कसलासा पक्षी. अक्षर सिगुरगेइरचंच, बारीक, उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात उभं असल्यासारखं. या माणसाला इल्मारनं कधी पाहिलं नव्हतं. चौदा महिने ते दोघं एकाच पटावर समोरासमोर बसले होते आणि मध्ये अख्खा समुद्र होता.

“नमस्कार,” कार्डावर मोडक्या जर्मनमध्ये लिहिलं होतं. “४३२४ ही चाल होऊ शकत नाही. २४ वर तुमचंच प्यादं उभं आहे. दुसरी चाल पाठवा, घोड्याचीच, नियम तुम्हाला ठाऊक आहे. इकडे वारा खूप. तुमच्याकडेही कुणीतरी पटावरची धूळ पुसतं वाटतं. सिगुरगेइर.”

त्यानं ते परत वाचलं. होऊ शकत नाही. वाईट चाल आहे, चुकीची आहे, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. वाईट चाली त्यानं आयुष्यभर केल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच त्याला अजून पाठ होत्या. पण जी होऊच शकत नाही अशी चाल? आपलाच घोडा आपल्याच प्याद्याच्या डोक्यावर? ते पटाचे नियम कालपरवा शिकलेलं पोर करतं.

“इल्मार, थांबा जरा.” पहिल्या मजल्यावरची साल्मे दारातून डोकावली. डोक्याला रुमाल, हातात बटाटे सोलायची सुरी. “आस्ताला सांगा हं, पाव फार छान होता. पण दर शनिवारी कशाला त्रास? मी एकटी बाई, खाऊन खाऊन किती खाणार! राहिलेला पाखरांना टाकते, तर ती कबुतरं आता माणूस बघूनही उडत नाहीत, इतकी माजलीत.”

“सांगतो,” इल्मार म्हणाला. त्यानं ऐकलंच नव्हतं.

“आणि बूट पुसून वर जा. मी आत्ताच जिना पुसलाय.”

त्यानं बूट पुसले. जिना चढताना त्याच्या डोक्यात पट मांडलेला होता, नेहमीसारखा. टपालानं खेळणारे चाली आकड्यांत लिहितात, म्हणजे भाषेचा प्रश्न येत नाही. आधी उभ्या पट्टीचा नंबर, मग आडव्या ओळीचा. कुठून, कुठं. चार आकडे, बस. त्याचा प्रत्येक डाव एकाच आकड्यानं सुरू व्हायचा, २२२४. डावीकडून दुसरं प्यादं दोन घरं पुढं. शहाणी माणसं मधली प्यादी पुढं काढतात, पटाचा मध्य धरून बसतात. इल्मार वीस वर्षं कडेनंच शिरत आला होता. या सुरुवातीला खेळणारे लोक ओरँगउटान म्हणतात, म्हणून क्लबात त्यालाही तेच नाव पडलं होतं. “आलं का माकड झाडावरून?” तो दारात दिसला की कुणीतरी ओरडायचं. “कोट काढू नकोस रे, आतून केसाळ असशील!” तो हसायचा. त्याला ते नाव आवडायचं. समोरासमोर छातीला छाती लावून झुंजणं त्याला जमलंच नाही कधी. कडेनं जायचं, गप्प राहायचं, आणि कोपऱ्यात बसलेल्या उंटाला अख्ख्या पटावरून तिरकी नजर टाकू द्यायची. या डावात तर ते इतकं सुरेख जमलं होतं. अजून चार-पाच महिन्यांत सिगुरगेइर मोडला असता आणि इल्मार पहिल्यांदाच पुढच्या फेरीत गेला असता. बावन्नाव्या वर्षी. क्लबातल्या फळ्यावर खडूनं नाव लिहिलं असतं.

खोलीत उजेड विचित्र होता. समोरच्या घराच्या छपरावरचं बर्फ अर्धं उतरलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून ऊन परतून आत येत होतं, खालून वर, पाण्यातून आल्यासारखं. बाकीचे आठ डाव तो पुठ्ठ्यांवर खेळायचा, खाचेत खोचलेल्या कागदी मोहऱ्यांनी. पण हा डाव खऱ्या पटावर होता, शेगडीशेजारच्या बुटक्या कपाटावर. तो जवळ गेला आणि कोट न काढताच वाकला.

प्यादं चोवीसवर नव्हतं. एक घर पुढं होतं, पंचवीसवर.

क्षणभर त्याला एवढं हलकं वाटलं की तो तिथंच खाली बसला, जमिनीवर, ओल्या कोटासकट. म्हणजे तो चुकला नव्हता! त्याच्यासमोर जो पट होता त्यावर चोवीस रिकामं होतं आणि रिकाम्या घरात घोडा जातो. पट चुकला होता. त्यानं वही काढून पहिल्यापासून सगळ्या चाली बोट ठेवून तपासल्या. पहिली चाल २२२४, त्यानंतर त्या प्याद्याची एकही चाल नाही. त्याला चोवीसवरच असायला हवं होतं. चौदा महिने तिथंच. मग ते एक घर पुढं कधी गेलं? आणि कुणी नेलं? सिगुरगेइर म्हणतोय तसं, धूळ. धूळ पुसताना कुणाचातरी हात लागला, प्यादं आडवं झालं, उचलून ठेवलं, एक घर इकडेतिकडे. होतं असं. टपाली खेळाडूंच्या अशा गोष्टी क्लबात सांगून सांगून गुळगुळीत झाल्या होत्या. कुणाची सासू, कुणाची मांजर.

पण त्यांच्याकडे मांजर नव्हतं. आणि आस्ता त्या पटाला हात लावत नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं तिला सांगितलं होतं, काय वाटेल ते कर पण मांडलेल्या पटाला हात लावू नकोस. “देवघर आहे का ते?” ती म्हणाली होती. तेव्हापासून ती कपाटाच्या कडेपर्यंत फडकं आणायची आणि थांबायची. खरंच, पटाच्या भोवती लाकूड चमकत होतं आणि पटावर राखाडी मऊ धूळ होती. फक्त मोहरे उचलून ठेवल्यामुळे जिथं जिथं झिजली होती तिथं काळीपांढरी घरं दिसत होती, वितळत्या नदीतल्या भोकांसारखी.

पियानो आधी कडेनं बिघडतो. हे वाक्य त्याला आत्ता का आठवावं? ते त्याच्या वडिलांचं होतं. युहान पियानो जुळवायचे. लहानपणी इल्मार त्यांच्याबरोबर जायचा, अनोळखी घरांत, जिथं गालिचे असायचे आणि वेगळाच वास असायचा, मेणाचा, सफरचंदांचा. तो पियानोखाली जाऊन बसायचा आणि वरून एकच सूर पडत राहायचा, एकच, एकच, थोडा वर, थोडा खाली, मग अचानक असा स्थिर की त्याच्या पोटात काहीतरी जागेवर बसायचं. “मधले सूर काय, कुणालाही ऐकू येतात,” वडील म्हणायचे. “कडेचे ऐकायला शीक. पियानो आधी कडेनं बिघडतो, आणि तिथं कुणी वाजवतच नाही, म्हणून घरच्यांना वर्षभर पत्ता लागत नाही.” इल्मार कान लावायचा. त्याला काही कळायचं नाही. सगळेच सूर त्याला चांगले वाटायचे.

मग ती डॉक्टरीणबाईंची गोष्ट. इल्मार एकोणीस वर्षांचा होता. वडील सकाळी नदीपलीकडे डॉक्टरीणबाईंकडे गेले, पियानो जुळवला, कॉफी प्यायले, वेलची घातलेला गोड पाव खाल्ला, टोपी उचलून निरोप घेतला. आणि चार वाजता त्याच दारात परत उभे. हातात तीच पिशवी. पाय पुसले, टोपी काढली. “चला, बघू या काय म्हणतोय तुमचा पियानो.” बाईंना वाटलं काहीतरी राहिलं असेल. वडिलांनी दीड तास बसून तो जुळलेला पियानो पहिल्यापासून परत जुळवला. बाईंनी परत कॉफी दिली, काय करणार? नंतर बाजारात बाईंनीच ही गोष्ट सांगितली आणि ती घरी आली. सगळे हसले. वडीलही हसले, कान लाल करून. सगळ्यात जास्त इल्मार हसला. तो नक्कल करायचा, दारात टोपी काढून, “चला, बघू या काय म्हणतोय तुमचा पियानो,” आणि आई डोळे पुसून पुसून हसायची. कुणाला कळलं नाही की ते हसण्याचं नव्हतं. दोन वर्षांनी वडील घरातल्या पियानोसमोर बसून एकच पट्टी दाबत राहायचे, दुपारभर, मान एका बाजूला कलती करून. आणि एकदा तो नोकरीवरून घरी आला तर उठून उभे राहिले, अदबीनं म्हणाले, “तुम्ही कुणाकडचे?”

इल्मारनं कोट काढला. तो ओला झाला होता, दारामागच्या खुंटीला लावला. प्यादं त्यानं हलवलं नाही. ज्या पोलिसाला प्रेत सापडतं तो जसा कशाला हात लावत नाही तसा तो खुर्चीत बसून राहिला आणि त्या प्याद्याकडे बघत राहिला. डोकं गोल, मान बारीक, खाली घागरा. हे आपण कधीपासून असं बघतोय? कदाचित महिनोन्महिने. रोज संध्याकाळी तो या पटासमोर बसत होता, आणि ते प्यादं तिथं उभं होतं, चुकीच्या घरात, बिनबोभाट, आणि तो उजवीकडे बघत होता जिथं लढाई चालली होती. जर कुणी हलवलं असेल, तर ठीक. घरात माणसं असतात, हात लागतात. आणि कुणीच हलवलं नसेल तर? तो पुढचं वाक्य डोक्यात पुरं करत नव्हता. छपरावरून बर्फाचा एक मोठा तुकडा सुटला आणि अंगणात धप्प पडला, आणि काचा जरा वेळ गुणगुणत राहिल्या.

आस्ता साडेचारला आली. ती नाटकघरात कपडे शिवायची, तिच्या स्वेटरला नेहमी कसलेतरी धागे चिकटलेले असायचे, आज सोनेरी.

“अरे, तू घरी? काढून टाकलं का काय?”

“नळ फुटला.”

“बरं झालं. नाटकघरातही फुटायला हवा एखादा. त्या राणीचा झगा तिसऱ्यांदा उसवला, म्हणते शिवण कच्ची आहे. शिवण कच्ची नाही बाई, तू खातेस पक्कं.” तिनं पिशवी टेबलावर ठेवली, लोणच्याची बरणी काढली. मग त्याच्याकडे बघितलं. “काय झालं?”

“तू पटाला हात लावलास का?”

“मी? नाही.”

“धूळ पुसताना?”

“धूळ मी कडेकडेनं पुसते. पटावर मी फुंकरसुद्धा मारत नाही. पंचवीस वर्षं झाली, आता तरी विश्वास ठेव.”

“बघ आठवून. एक प्यादं. पडलं असेल, तू उचलून ठेवलं असशील.”

“इल्मार, मी म्हटलं ना नाही. काय झालं ते सांगशील का?”

त्यानं कार्ड पुढं केलं. तिला जर्मन येत नव्हतं, तरी तिनं ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं, पक्ष्याकडे जरा जास्त. त्यानं सांगितलं. चाल होऊ शकत नाही, घोडा, प्यादं, एक घर पुढं. तो साध्या आवाजात सांगत होता, हवामान सांगावं तसा. “मजा आहे की नाही,” असंही म्हणाला. “क्लबात कळलं तर माकडाला पिंजऱ्यात घालतील.” ती हसली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानंही बघितलं, तर आपलं बोट टेबलाच्या कडेवर एकाच जागी आपटत होतं, टक, टक, टक, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

“सूप गरम करते,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज आला. मग चमचा. मग काहीच नाही, जसं कुणी भिंतीला टेकून उभं आहे. मग ती तिथूनच म्हणाली, मोठ्यानं, “पडदे!”

“काय?”

“अरे, पडदे! नाताळाच्या आधी मी पडदे धुतले नाहीत का? काढताना ती दांडी निसटली. कपाटावरच आली की. तुझं एक प्यादं खाली लोळत होतं, मी उचललं आणि ठेवलं. घाबरून बोलले नाही तुला. विसरूनच गेले बघ!” ती दारात आली, हात फडक्याला पुसत. गाल लाल झाले होते. “मीच ते. दे शिक्षा काय द्यायची ती.”

“नाताळाच्या आधी?”

“डिसेंबरात. दुसरा आठवडा.”

इल्मारला वाटलं तिला उचलून गोल फिरवावं. त्यानं तसं केलं नाही, बावन्न वर्षांचा होता आणि कंबर दुखायची, पण तिच्या स्वेटरवरचा एक सोनेरी धागा काढला आणि स्वतःच्या खिशाला लावला. “दांडी,” तो म्हणाला. “आणि मी इकडे काय काय विचार करत बसलो!” “काय विचार करत बसलास?” “काही नाही.” त्याला एकदम भूक लागली. उद्या त्या आइसलंडच्या माणसाला लिहू, बरोबर ओळखलंत, धूळ नाही पण पडदे. त्याला हसू येत होतं. डाव बिघडला होता, घोडा हलवावा लागणार होता, पुढची फेरी गेल्यातच जमा. पण हे आता त्याला एखाद्या दुसऱ्याच माणसाचं नुकसान वाटत होतं.

“लाकडं संपलीत,” आस्ता म्हणाली. “आणतोस का चार?”

हिवाळी कोट अजून ओला होता, म्हणून त्यानं त्याच खुंटीवर मागं टांगलेला शरदातला जुना कोट अंगात चढवला, जो ऑक्टोबरानंतर कुणी काढलाच नव्हता. अंगणात संध्याकाळ निळी पडत होती. लाकडांच्या खोपटात फटींतून उजेडाच्या पट्ट्या आल्या होत्या, उभ्या, आणि बर्चचा गोडसर वास. तो वाकून ओंडके हातावर रचायला लागला आणि चौथ्याला छातीशी काहीतरी कडक टोचलं. आतला खिसा. त्यानं हात घातला.

कार्ड होतं. कोरं नव्हे, लिहिलेलं. तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला, आइसलंड, सिगुरगेइर. त्याचं स्वतःचं अक्षर. तारीख अकरा ऑक्टोबर. आणि चाल, २४२५. प्यादं चोवीसवरून पंचवीसवर.

तो उजेडाच्या पट्टीत सरकला आणि परत वाचलं. अकरा ऑक्टोबरला त्यानं दुसरीच चाल पाठवली होती, उंटाची, ती वहीत होती. म्हणजे झालं होतं ते सरळ होतं. टपाली खेळाडूच करील अशी चूक. घरी प्यादं हलवलं, कार्ड लिहिलं, खिशात टाकलं, रस्त्यात मत बदललं. पोस्टात उभ्यानं नवं कार्ड घेऊन उंटाची चाल लिहिली आणि तेच टाकलं. घरी येऊन पटावर उंट हलवला. प्यादं मागं घ्यायचं राहिलं. बस. राहतं एखाद्याचं. क्लबातल्या कितीजणांचं राहिलं असेल. त्यात घाबरण्यासारखं काय होतं?

त्याला आठवत नव्हतं. एवढंच होतं. त्याला वीस वर्षांपूर्वीचे डाव आठवत होते, कुठल्या बल्गेरियन माणसानं कुठल्या चालीला किती दिवस घेतले ते आठवत होतं. पण हे कार्ड लिहिणारा हात त्याला आठवत नव्हता. तो रस्ता, ती पोस्टातली दोरीनं बांधलेली लेखणी, मत का बदललं, पाऊस होता की ऊन. त्यानं डोळे मिटून आत शोधलं. एखाद्या ओळखीच्या घरात अंधारात हात पुढं करावा आणि भिंत असायची तिथं भिंतच लागू नये, तसं वाटलं. अकरा ऑक्टोबर हा दिवस त्याच्यात नव्हताच. तो दिवस दुसऱ्याच कुणीतरी घालवला होता, त्याचा कोट घालून.

आणि डिसेंबरातले पडदे मग कुठून आले?

ती खोटं बोलली. आस्ता, जिला राणीच्या तोंडावर ती जाड झाली हे सांगायलाही संकोच वाटत नाही. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं मनातल्या मनात एक दांडी पाडली. का? त्यानं कार्ड दाखवलं तेव्हा तिला नवल का वाटलं नव्हतं? ती हसली नव्हती. तिनं त्याच्या बोटाकडे बघितलं होतं, आणि ते बघणं नवं नव्हतं, सरावाचं होतं, जसं आई झोपलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघते. तिनं असं किती दिवस बघितलं असेल? खोपटाच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं, एकच सूर, एकच, एकच. आणि त्या ठिबकण्यातून, दुपारपासून कुठंतरी अडकून राहिलेला साल्मेचा आवाज आता त्याच्यापर्यंत पोचला. पाव फार छान होता. पण दर शनिवारी कशाला?

शनिवारी पाव तो आणायचा. सकाळी, कोपऱ्यावरच्या दुकानातून, काळ्या पिठाचा, गरम असला तर कागदातून हाताला लागायचा. एक पाव. त्यांना दोघांना आठवडा पुरायचा. साल्मेला द्यायला दुसरा कुठून येतो?

तो लाकडांवर बसला. त्याला ते दिसलं, जणू समोरच्या फळ्यांच्या फटीतून. शनिवार सकाळ, तो पाव घेऊन येतो, टेबलावर ठेवतो. मग दुपारी टोपी घालतो, परत दुकानात जातो, पाव घेऊन येतो, पाय पुसतो. आस्ता दारात. ती काही म्हणत नाही. कदाचित म्हणते, “अरे वा, गरम आहे.” तो बाथरूममध्ये गेला की पदराआड काही लपवावं तसा पाव स्वेटरखाली घालून ती खाली साल्मेकडे जाते. दर शनिवारी. किती शनिवार? आणि बाजारात कुणाला सांगत नाही. घरी गोष्ट करत नाही. कुणाला हसू देत नाही.

युहान त्या दारात किती शांतपणे उभे राहिले असतील, टोपी काढून. त्यांना काय माहीत. इल्मारला एकदम वाटलं की आपण तिथं पियानोखाली बसलोय, लहान, आणि वरून सूर पडतायत, आणि या वेळी त्याला ऐकू येतंय, कडेचा सूर, अगदी शेवटच्या पट्ट्यांचा, किंचित उतरलेला. इतका किंचित की वाईटही वाटत नाही. बाकी सगळा पियानो चांगलाच आहे. त्यावर अजून कितीतरी वाजवता येईल.

किती वेळ बसला कोण जाणे. उजेडाच्या पट्ट्या विझल्या. तो ओंडके घेऊन वर आला.

आस्ता पटासमोर उभी होती. तिच्या एका हातात त्याची वही, दुसऱ्या हाताचं बोट हवेत, टाके मोजताना धरते तसं. ती डावीकडून मोजत होती, ओठ हलवत. मग तिनं दोन बोटांत ते प्यादं धरलं, श्वास रोखून, गरम इस्त्री उचलावी तसं, आणि एक घर मागं ठेवलं.

“इथंच ना?” तिनं वळून न बघता विचारलं. “दोन आणि चार.”

“इथंच.”

त्यानं लाकडं खाली ठेवली. खिशातून कार्ड काढलं आणि पटाच्या कडेला, धुळीवर ठेवलं. “हे या कोटात होतं. ऑक्टोबरातलं.”

तिनं ते वाचलं. या वेळी आकडेच होते, ते तिला कळत होते. तिनं कार्डाकडे बघितलं, मग प्याद्याकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू उसवत गेला, एकेक टाका.

“म्हणजे पडदे...” ती म्हणाली.

“पडदे छान धुतलेस तू. पांढरेशुभ्र निघाले.”

“गप रे.” ती खुर्चीत बसली. फडक्यानं डोळे पुसले, मग नाकही. “मला वाटलं, तुला झोप तरी लागेल.”

“साल्मेनं सांगितलंय, पाव छान होता.”

तिनं फडक्याची घडी घातली. बाहेर नदीच्या बाजूनं बर्फ फुटल्याचा लांब, जाड आवाज आला, कुणीतरी मोठं कपाट सरकवल्यासारखा.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“नोव्हेंबर. तीनचारदाच झालं असेल सुरुवातीला. मग...” ती थांबली. “नेहमी नाही, इल्मार. मध्ये महिनाभर नव्हतंच, आता परत दर शनिवारी होतंय. आणि दुसरं काहीच नाही. फक्त पाव.”

“आणि प्यादं.”

“आणि प्यादं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू पाव घेऊन दारात इतका खूश दिसायचास,” ती म्हणाली. “कसं सांगायचं?”

तो तिच्यासमोर बसला, पलीकडच्या बाजूला, जिथं चौदा महिने सिगुरगेइर न दिसता बसला होता. पट मध्ये. तिथून आपलेच मोहरे त्याला परके दिसत होते, उलटे, आणि अगदी कोपऱ्यातून आपलाच उंट त्याच्याकडे रोखून बघत होता. त्यानं घोड्यावर बोट ठेवलं. हाच हलवायचा होता, नियम होता. पुढं नेला तर मरत होता. मागं घेतला तर हल्ला संपत होता, पण डाव जगत होता. कदाचित बरोबरीत सुटेल. कदाचित वर्षभर चालेल अजून. वर्षभर, हा शब्द त्याला आवडला.

“कोरं कार्ड काढ ड्रॉवरमधून,” तो म्हणाला. “तूच लिही.”

“मी?”

“मी सांगतो, तू लिही. मग तू मला वाचून दाखव. मग पटावर बघ, तिथं खरंच घर रिकामं आहे का. मग परत वाच.”

“तू कधी कुणाला कार्ड दाखवत नव्हतास. टपालपेटीशीसुद्धा पाठ करून उभा राहायचास, साल्मे म्हणते.”

“लिही. त्रेचाळीस, एक्कावन्न.”

तिनं लिहिलं, मोठ्या गोल आकड्यांत, शिंपी मापं लिहितात तसे. वाचून दाखवलं. उठून पटावर मोजलं, बोट हवेत. “रिकामं आहे,” ती म्हणाली. “पुढं काय? त्यानं वाऱ्याचं लिहिलंय, आपणही काहीतरी लिहायला हवं.”

इल्मारनं विचार केला. “लिही, बर्फ सुटतंय. आणि लिही, धूळ नव्हती, मीच होतो. यापुढं बायको तपासून पाठवील, चालेल का.”

“जर्मनमध्ये?”

“एकेक अक्षर सांगतो.”

त्याला अर्धा तास लागला. तिनं दोन कार्डं खराब केली, तिसऱ्यावर जमलं. मग दोघं कोट घालून खाली उतरले, जिन्यात साल्मेच्या दाराखालून तळलेल्या कांद्याचा वास येत होता. पेटी कोपऱ्यावर होती, निळी, तिच्या डोक्यावर ओल्या बर्फाची टोपी. दिवे नुकतेच लागले होते. इल्मारनं कार्ड फटीत धरलं, एक क्षण तसंच, आणि सोडलं. आत कुठं आवाज झाला नाही. तळाशी बरीच पत्रं असावीत.

ते परत निघाले. घराच्या दाराशी आल्यावर तो थांबला. बूट पुसायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“टाकलं ना मी?” त्यानं विचारलं.

“टाकलंस,” आस्ता म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरलं. “मी पाहिलं.”